मालकांना जिना बसवू देण्याबाबत

प्रति,
मा. भाडे नियंत्रण अधिकारी,
भाडे नियंत्रण कार्यालय,
तळमजला (येथे येण्यास सुदैवाने जिना लागत नाही).

विषय : वरच्या मजल्यावर जाणारा बाहेरील जिना पुन्हा बसवण्याची घरमालकांना मुभा मिळण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा यापूर्वीचा अर्ज, जो आपल्या कार्यालयास पोहोचला आहे पण सापडत नाही.
२) आपला ‘जैसे थे’ आदेश, जो सर्वांना लगेच सापडतो.

महोदय,

१. अर्जदार ही दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या कार्यशाळेत काम करते. ती आपल्या वृद्ध आईसह एका दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. खाली घरमालक व मालकीणबाई राहतात. वर जाण्यासाठी घराच्या बाहेरून एक लोखंडी जिना होता. ‘होता’ हा शब्द आपण कृपया ध्यानात ठेवावा, कारण पुढील सर्व मजकूर त्याच्याविषयी आहे.

२. सदर जिना गंजला होता व पाऊल टाकताच थरथरत असे. घराचा मूळ सांगाडा, छप्पर, जिना व पाण्याचे नळ वापरण्यायोग्य ठेवणे, तसेच आगाऊ सूचना दिल्याशिवाय भाडेकरूच्या घरात न शिरणे ही मालकाची कायदेशीर जबाबदारी आहे, असे अर्जदाराने कुठेतरी वाचले होते. वाचलेले लोकांना सांगण्याची खोड तिला लहानपणापासून आहे. तिने ते मालकांना सांगितले. मालकांनी अतिशय शांतपणे ऐकून घेतले व म्हणाले, “जिना हलतोय म्हणजे अजून आहे ना? मग तक्रार कसली?”

३. या विधानावर अर्जदार विचार करीत असतानाच आईचा पाय एका पायरीतून आरपार गेला. दैवयोगाने पोटरी खरचटण्यावर निभावले. अर्जदाराने त्या दिवशी मालकांशी जी भाषा वापरली ती या अर्जात लिहिण्याजोगी नाही. परंतु तिचा परिणाम झाला. दुसऱ्याच दिवशी मालकांनी माणसे बोलावून अख्खा जिना कापून नेला. तक्रारीची इतकी मुळासकट दखल घेणारा मालक अर्जदाराने पूर्वी पाहिला नव्हता. नवा जिना कधी येणार, असे विचारले असता त्यांनी भाडेकरार पुढे केला. करारात दोन खोल्या, स्वयंपाकघर व न्हाणीघर यांचा उल्लेख आहे, जिन्याचा नाही. “मी तुम्हाला घर दिलंय. घरापर्यंत पोहोचणं तुमचं तुम्ही बघा,” असे ते म्हणाले. मात्र माणुसकी म्हणून त्यांनी एक शिडी भिंतीला टेकवून दिली.

४. तेव्हापासून अर्जदार शिडीने कामावर जाते व शिडीने परत येते. तिची याबद्दल तक्रार नाही, दंडांना व्यायाम होतो. पण आईचे गुडघे शिडीसाठी बनलेले नाहीत. शिवाय तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याने तिला शिडीची पायरी दिसत नाही व जिथे पायरी नाही तिथे ती दिसते. सबब आई वरच राहिली. पूर्वी जिथून जिना सुरू होई ते दार आता थेट हवेत उघडते. आई तेथे खुर्ची टाकून बसे व खालून जाणाऱ्या-येणाऱ्यांना आवाजावरून ओळखे. भाजीवाली पिशवी दोरीला बांधून देई. तिचे बरे चालले आहे असे ती सर्वांना सांगे. अर्जदाराला मात्र तिने एकदा विचारले, “आता मी खाली येणार ती चौघांच्या खांद्यावरूनच का गं?” यावर हसावे अशी तिची अपेक्षा होती.

५. म्हणून अर्जदाराने आपल्याकडे पहिला अर्ज केला. आपण तत्परतेने निरीक्षक पाठवले, याबद्दल ती ऋणी आहे. निरीक्षक आले, शिडीकडे पाहून त्यांनी मान हलवली व खालूनच पाहणी केली. आईने वरून हात केला. निरीक्षकांनीही हात केला. त्यानंतर त्यांनी अहवालात लिहिले की, “वरच्या मजल्यावर जाण्यास मार्ग नसल्याने तेथे कोणाचे वास्तव्य असल्याचे आढळून आले नाही.” निरीक्षक नेमके कोणाला हात करत होते, हे विचारण्याचा उद्धटपणा अर्जदार करणार नाही.

६. या अहवालाच्या आधारे आपण अंतिम निर्णय होईपर्यंत ‘जैसे थे’ स्थिती ठेवण्याचा आदेश दिला. अर्जदार धावत कार्यालयात आली. आपले लिपिक सौजन्याने म्हणाले, “आदेश निघाला तेव्हा जिना होता का? नव्हता. मग जैसे थे म्हणजे जिन्याशिवाय. कोणी जिना बसवला तर आदेशाचा भंग होईल, बाई.” मालकांना हा आदेश इतका आवडला की त्यांनी तो काचेच्या चौकटीत घालून, जिना होता त्याच भिंतीवर लावला.

७. दरम्यान इस्पितळातून आईच्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख आली. ही तारीख चुकली तर पुढची कधी मिळेल ते सांगता येणार नाही, व डावा डोळा तोवर थांबेल याची खात्री नाही, असे डॉक्टरांनी बजावले. अर्जदाराने अग्निशमन दलाला फोन केला. तेथील गृहस्थांनी विचारले, “आग लागलीय का?” नाही. “कोणी अडकलंय का?” हो, आई. “कुठे अडकल्यात?” घरात. “स्वतःच्या घरात राहण्याला अडकणं म्हणत नाहीत, ताई.” अर्जदारास खोटे बोलता येत नाही, या दुर्गुणाचा तिला त्या दिवशी फार राग आला.

८. शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी शेजाऱ्यांच्या मदतीने आईला चादरीत बांधून उतरवावे, असा अर्जदाराचा बेत होता. चांगल्या दोराची सोय पाहण्यासाठी ती पहाटेच कार्यशाळेकडे गेली. तेवढ्यात मालक वर आले. आगाऊ सूचना वगैरे अर्थातच नव्हती. अहवालानुसार वर कोणी राहत नसल्याने, रिकाम्या जागेला स्वतःचे कुलूप लावावे असा त्यांचा साधा, व्यवहारी विचार होता. हातात कुलूप घेऊन ते शिडी चढले. आईने दार उघडून म्हटले, “या, बसा. कुलूप ठेवा तिथे. चहा घेणार ना?”

मालक आत आले व त्यांनी सहज वळून खाली पाहिले. मालक आपल्या मालमत्तेवर जिन्याशिवाय कधी चढले नव्हते. ते भिंत धरून खाली बसले, ते उठेनात. आईने अर्जदाराला फोन केला, “अगं, मालक आलेत. जात नाहीयेत.”

अर्जदार पोहोचली तेव्हा मालक स्वयंपाकघरात खुर्चीवर होते व छतातून त्यांच्या डोक्यावर पाणी ठिबकत होते. “हे कधीपासून?” असे त्यांनी विचारले. “तुम्हाला सांगितलं त्याच्याही आधीपासून,” आई म्हणाली व तिने त्यांना खुर्ची कुठे सरकवायची ते दाखवले. मालकांनी स्वतः अग्निशमन दलाला फोन केला. आग नाही पण चक्कर येते आहे, आणि घर माझे आहे, असे त्यांनी सांगितले. चहा निवायच्या आत गाडी दारात हजर झाली.

९. गाडीच्या यांत्रिक शिडीचा पाळणा वर आला तेव्हा मालक डोळे मिटून दाराकडे सरकू लागले. आई मात्र इस्पितळाची फाईल काखेत मारून तयार होती. ती म्हणाली, “थांबा. आधी मी. मी तुमच्या आधीपासून अडकलेय.” पाळण्यातल्या जवानाने दोघांकडे पाहिले व आईचा हात धरला. खाली उतरल्यावर आई क्षणभर तशीच उभी राहिली आणि पायाने माती चाचपून पाहिली. अर्जदार तेव्हा रडली, हे ती येथे केवळ वस्तुस्थिती म्हणून नमूद करते.

१०. शस्त्रक्रिया उत्तम झाली. डॉक्टरांनी वाकणे, उचलणे व चढणे वर्ज्य सांगितले. आता आईला न्यायचे कुठे, असा प्रश्न फाटकात पडला असता मालकीणबाई बाहेर आल्या. त्या आजवर या प्रकरणात एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्यांनी आईची पिशवी उचलली व नवऱ्यास म्हणाल्या, “ह्या आपल्याकडे राहतील. जिना येईपर्यंत.” मग जरा थांबून म्हणाल्या, “मी काही विचारत नाहीये.”

११. तेव्हापासून आई मालकांच्या बैठकीत, मालकांच्या खुर्चीत, मालकांच्या टीव्हीसमोर असते. पट्टी निघाल्यापासून तिला फार स्वच्छ दिसू लागले आहे. बैठकीतील ओल, खिडकीची फुटकी काच, मालक साखर चोरून खातात ते, सर्व तिला दिसते व ती ते सांगते. मालकीणबाई कित्येक वर्षांनी मोठ्याने हसतात, असे मालकांचेच म्हणणे आहे. मालकांची प्रकृती खालावली आहे. त्यांनी जिना तयार करून घेतला असून तो अंगणात आडवा पडला आहे. तो उभा करण्यास आपला आदेश आडवा येतो. ते आपल्या कार्यालयात खेटे घालून थकले. भाडेकरूचा अर्ज आणा, असे लिपिकांनी सांगितल्यामुळे प्रस्तुत अर्ज मालकांच्या विनंतीवरून, त्यांच्याच टेबलावर लिहिला जात आहे.

१२. आई सर्वांना सांगते की घाई नाही, साहेबांना सावकाश होऊ द्या. त्यामुळे अर्जदारही कठोर शब्द टाळते. ती सध्या वर एकटीच असते. संध्याकाळी जमिनीखालून टीव्हीचा व दोघींच्या हसण्याचा आवाज येतो. दोन खोल्या तिला पूर्वी फार लहान वाटत. काल ती खाली आईचा निरोप घेत असताना आईने तिचे मनगट धरले व मालकीणबाईंना ऐकू जाणार नाही अशा बेताने विचारले, “माझा पलंग हलवला नाहीस ना गं?”

१३. सबब, पाहणीस निरीक्षक पाठवण्याची तसदी न घेता ‘जैसे थे’ आदेश मागे घ्यावा, व स्वतःच्या घरी जाण्याचा मार्ग आईला मोकळा करून द्यावा, ही विनंती.

आपली, अजूनही नम्र,
(सही)
अर्जदार, वरचा मजला

दिनांक : अर्ज ज्या दिवशी वाचला जाईल तो

मालकाचे ना-हरकत निवेदन : वरील मजकूर वाचला. जिना बसवण्यास माझी हरकत नाही. बाकी बहुतेक सर्व मजकुरास हरकत आहे, विशेषतः साखरेच्या; परंतु खाडाखोड केल्यास पुन्हा नवा अर्ज लिहावा लागेल असे समजल्याने सही करीत आहे. कृपया आजच्या आज.
(सही)
घरमालक, तळमजला