मागे जाणारे पाय

बाई, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. तुमचा हॉल आता मी चालवते. खालचं औषधाचं दुकान गेलं, तिथं मोबाईलवाला आलाय, पण जिना तोच आहे आणि वरून तिसरी पायरी अजून हलते. येत्या रविवारी मंचरच्या एका मंगल कार्यालयात आमचा कार्यक्रम आहे. सहा बायका, तीन जोड्या, आणि साल्सा मी बसवलेला. तुम्ही असता तर आधी हसला असता, मग चुका काढायला बसला असता. आज मला चुका काढणारं कुणी नाही. आणि एक चूक माझ्याकडून अशी झाली आहे की ती कुणाला सांगायची हिंमत होत नाही.

मी तुमच्याकडे नाचायला आले नव्हते, झाडायला आले होते. हे गेले त्याला आठ महिने झाले होते. सकाळी अवसरी बुद्रुकवरून यायचं, हॉल झाडायचा, पुसायचा, परत जायचं. शाळा माझी चौथीत सुटली. पुढचं वाचणं मी मुलाच्या पुस्तकांवरून आपलं आपणच शिकले, त्यामुळे दिसेल ते वाचत सुटायची खोड होती. तुम्ही भिंतीवर कागद लावला होता: एक, दोन, तीन, पाच, सहा, सात. मला वाटलं, बाईंचे चार आणि आठ लिहायचे राहिले. मी पेनाने ते नीट भरून ठेवले. दुसऱ्या दिवशी तुम्ही कंबरेवर हात ठेवून विचारलंत, "हे कोणी शहाणपण केलं?" मी झाडू धरून उभी. "चार मुद्दाम सोडलाय गं. तिथे पाय थांबतो. संगीत चालू राहतं, आपण थांबायचं."

तुमच्या वर्गात दोन पुरुष होते, ते आठ दिवसांत यायचे बंद झाले. बायका उरल्या पाच. एकीला जोडीदार कमी पडला तेव्हा तुम्ही मला म्हणालात, "ठेव तो झाडू. ये इकडे, उभी राहा माझ्यासमोर." तुम्ही पुढे आलात, मी मागे गेले. परत पुढे, परत मागे. तुम्ही थांबलात. "खाली बघितलं नाहीस. मागेही वळली नाहीस. कसं काय?" मी म्हटलं, "आवणीत मागंच जायचं असतं बाई. वळून बघितलं की ओळ वाकडी व्हती." माझं माहेर धरणाच्या वरच्या अंगाला, भाताचं गाव. दहाव्या वर्षापासून मी चिखलात वाकून, रोपं लावत, मागे मागे जात आले होते. तुम्ही हसत हसत स्टुलावरच बसलात. "पुण्यात माणसं यासाठी सहा महिने घालवतात, आणि ही बया चिखलात शिकून आली!"

गावात बोलणं झालंच. शेजारीण नळावर मला ऐकू जाईल असं म्हणाली, "नवरा जाऊन वरीस न्हाई झालं, अन् ही नाचाया लागली." मी तुम्हाला रडत सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, "तिलाही घेऊन ये. तिची फी माफ." ती आली की हो! अजून येते. रविवारी दुसऱ्या जोडीत तीच आहे.

पण तुमचं एक बोलणं मला लागलं होतं. तुमचा आजार कळल्यानंतरचे दिवस ते. तुम्ही मला पुरुषाची बाजू शिकवायला घेतली होती, म्हणजे समोरच्याला घेऊन जाणारीची. मला जमत नव्हतं. मी तुमचा हात घट्ट आवळायची आणि पाऊल मात्र मागेच टाकायची. सगळ्यांदेखत तुम्ही ओरडलात, "हात आवळतेस आणि मागे पळतेस! समोरचीने करायचं काय? मी मेल्यावर या बायकांना कोण पुढे नेणार?" मी जिन्यात जाऊन बसले. थोड्या वेळाने तुम्ही भिंतीला धरून आलात आणि तुमचे नाचाचे बूट माझ्या मांडीवर ठेवलेत, मऊ चामड्याच्या तळाचे. "एक नंबर मोठे होतील. पुढे कापूस घाल." तुम्ही गेल्यावर पहिला वर्ग मी ते बूट घालूनच घेतला. कापूस काढायची वेळ कधी आली नाही.

आता त्या दिवसाचं लिहिते.

माझ्याकडे एक मुलगी शिकायला येते. लग्न होऊन तीन वर्षं झालीत, गावाबाहेर मळ्यात राहते. तिच्यासारखी शिकणारी मला मिळाली नाही. सासूचा मात्र विरोध. आणि सध्या आमच्याकडे बिबट्याचं भय इतकं आहे की सासूला अडवायला आयतंच कारण मिळालं. तुमच्या वेळी बिबट्या कधीमधी दिसायचा. आता ऊसतोड सुरू झाली की तो घराच्या पडवीत येतो. बायका गळ्याला खिळ्यांचे पट्टे बांधून खुरपायला जातात. एकटं कुणी जात नाही, आणि जाताना मोबाईलवर गाणं मोठ्याने लावतात. म्हणून क्लास सुटला की मी तिला मळ्यापर्यंत पोचवते, मग तिचा नवरा मला गाडीवर घरी सोडतो.

महिना झाला. आम्ही फाट्यावर उतरलो, दिवस अजून मावळायचा होता. तिच्या मोबाईलवर आपलंच सरावाचं गाणं लागलंय. हातात हात धरून चाललोय, ती मोजतेय, मी तिची चेष्टा करतेय. एका बाजूचा ऊस तुटलेला, दुसऱ्या बाजूचा उभा. आणि वाटेवर तो बसलेला. दहा-बारा हातांवर. उठला, आमच्याकडे बघितलं, तोंडातून आवाज काढला.

माझा हात सुटला. सुटला नाही, मी सोडला. आणि माझे पाय मागे गेले. न वळता, न बघता, आवणीत जातात तसे. बाई, गाणं चालू होतं. एक, दोन, तीन, आणि चारला मी थांबले. मी तालात मागे गेले. ती पोरगी एकटी पुढे उभी. तिने डब्याची पिशवी त्याच्या दिशेने भिरकावली आणि अशी किंचाळली की मळ्यातली कुत्री उठली. तो उसात शिरला.

ती वळली आणि माझ्या गळ्यात पडली. म्हणाली, "मावशी, तुमी मागं उभ्या व्हता ना, म्हणून मला धीर आला. मागनं दुसरा आला असता तर?" मी तेव्हाच खरं बोलायला हवं होतं. मी घरी पोचेपर्यंत तिने ते सगळ्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी सासू माझ्या दारात, हातात नारळ. "ताई, तुमी असल्यावर मला कसला घोर न्हाई. नाचू द्या तिला." वनखात्याने तिथे पिंजरा लावलाय, तो रिकामाच आहे. गावात मला लोक अजून विचारतात, मावशी, भ्या न्हाई वाटलं का? मी म्हणते, वाटलं की. ते हसतात.

रविवारच्या नाचात शेवटी ती डोळे मिटून पाठीमागे पडते आणि मी तिला झेलते. बिबट्याच्या आधीच बसवलेलं आहे ते. आता सरावात ती पडायच्या आधीच मी तिचं मनगट धरते. परवा म्हणाली, "मावशी, बांगड्या फुटतील माझ्या! एवढी का धरता? मी पळून चालले का काय?" सगळ्या हसल्या. ती पडते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जरासुद्धा भीती नसते, आणि तेच मला बघवत नाही. मला त्या वाटेवरचा माझा हात दिसतो. सासूने तिला माझ्या भरवशावर पाठवलंय, आणि तो भरवसा कशावर उभा आहे ते मला एकटीला माहीत आहे.

काल मी नाच बदलला. आता पडणार मी, झेलणार ती. तिला सांगितलं, गुडघा धरलाय, वजन पेलवणार नाही. तिने लगेच खुर्ची आणली, तेल चोळू का म्हणाली. आज सकाळी सासूने बाम पाठवला. तो समोरच आहे, झाकणही उघडलेलं नाही.

रविवारी स्टेजवर जायच्या आधी तिला खरं सांगायचं, असं मी ठरवलंय. ऐकून तिने मला झेलायचं की नाही, ते तिचं तिने ठरवावं. पडायची भीती वाटत नाही, बाई. सांगायची वाटते. हा कागद घडी करून तुमच्या बुटात, पुढच्या कापसाजवळ ठेवते. रविवारी तेच घालणार आहे.

गुडघा चांगला आहे माझा. पाय मात्र कसे आहेत, ते तुम्हाला ठाऊक आहे.