नऊ दिवसांचे डाग

यवतमाळ,
६ फेब्रुवारी २०२५

चि. अंजूस देवसिंगकाकाचे अ. उ. आ.

उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. डाव्याचा पुढच्या बुधवारी. डोळ्यांना आराम हवा म्हणून माझा फोन लेकीने, दिपालीने, दिग्रसलाच ठेवायला लावला, म्हणून हे पत्र तिच्या हातून लिहवतो आहे. बत्तीस वर्षं एसटीत काढली, पत्र न्यायला कंडक्टर आपलेच आहेत.

गच्चीवरच्या दुर्बिणीची धूळ तेवढी पुसत जा. ऑनलाइन सौरडाग मंडळात नऊ वर्षं मी रोज सूर्यावरचे काळे ठिपके मोजून कळवले, ढगाळ दिवस सोडून एकही रकाना रिकामा नाही. आता राहील. राहू दे. माझ्या नावावर मी पाहिलेलंच जावं. जमनीकाकूला सांग, पोळ्या इकडेही मिळतात.

तुझा काका,
देवसिंग

दिग्रस,
१६ फेब्रुवारी २०२५

ती. काकांस अंजूचा शि. सा. न. वि. वि.

काकू मजेत आहे. मला मात्र सारखी विचारते, की कॉलेज सोडून सकाळी सकाळी गच्चीवर कायले चढून राह्यली. तिला सांगितलं नाही, तुम्हाला सांगते.

तुमचा रकाना रिकामा बघवेना. सात तारखेच्या शुक्रवारपासून मीच मोजते आहे. तुम्ही शिकवलं तसंच, दुर्बिणीतून पांढऱ्या पुठ्ठ्यावर सूर्य पाडून, पेन्सिलीने. आकडे तुमच्या फोनवरून, तुमच्याच नावाने पाठवले. नऊ दिवस. तुमचे वीस-एकवीस यायचे, माझे एकतीसपर्यंत गेले. काल मंडळाच्या सुरभीताईंनी सगळ्यांसमोर लिहिलं, की देवसिंगजींचं ऑपरेशन यशस्वी झालं, आकडेच सांगताहेत. टाळ्या थांबेनात, आणि तुम्ही तिकडे डोळ्यावर पट्टी बांधून पडलेले! काका, मला फार भीती वाटते आहे. काय करू?

रागावलात तरी लोभ कमी करू नये.

आपली,
अंजू

यवतमाळ,
१९ फेब्रुवारी २०२५

चि. अंजूस अ. उ. आ.

आधी इतका हसलो, की डोळ्यांवर ताण नको म्हणून दिपाली ओरडली. मग राग आला, तो अजून आहे. तू मोजलंस खरं, पण नाव खोटं घातलंस. दुसऱ्याच्या पासवर प्रवास करणाऱ्याला मी कधी सोडलं नाही, पुतणीला कसा सोडू?

दुपारभर दुसरंच डोक्यात होतं. दिपालीला मंडळाचे आकडे वाचायला लावले. बाकीच्यांचे होते तिथेच आहेत. म्हणजे सूर्य बदलला नाही. दहा डाग मलाच दिसत नव्हते, आणि किती दिवसांपासून, देव जाणे. जुने आकडे ताडून पाहिले, दोन वर्षांपासून घसरत आलेत. नऊ वर्षांची माझी कमाई ती, त्यातली दोन अधू डोळ्यांची निघाली. फार वाईट वाटलं.

सुरभीताईंना दोन्ही कळवलं. नऊ दिवस माझे नाहीत, ते काढा. आणि शेवटची दोन वर्षं भरवशाची धरू नका. दिपाली म्हणाली, दुसरं काहून सांगता, कोणाला समजलं असतं? मला समजलं होतं ना.

आता तू तुझ्या नावाने मोज. मी आल्यावर माझं वेगळं मोजीन, तुझा कागद न पाहता.

काका

दिग्रस,
२३ फेब्रुवारी २०२५

ती. काकांस शि. सा. न. वि. वि.

सुरभीताईंचा फोन आला होता. मला रागावल्या, मग माझ्या नावाचा रकाना उघडून दिला. तुमची दोन वर्षं त्या पुसणार नाहीत, शेजारी मोतीबिंदू अशी नोंद करून ठेवणार आहेत. तुम्ही त्यांना लिहिलेलं पत्र त्यांनी सगळ्यांना वाचायला दिलं. संध्याकाळी वणीच्या धावजीकाकांनी लिहिलं, की त्यांचेही आकडे घसरताहेत, उद्या डोळे तपासायला जातो. रात्रीपर्यंत आणखी तिघांनी तेच लिहिलं.

आज सकाळी माझ्या नावाखाली पहिला आकडा भरला, सत्तावीस. तीनदा मोजला, तरी पाठवण्याआधी पुन्हा गच्चीवर जाऊन चौथ्यांदा मोजला. तुमच्या नावावर नऊ दिवस पाठवताना एकही आकडा दुसऱ्यांदा मोजला नव्हता.

लवकर या, आणि आहे तसाच जीव लावा.

आपली,
अंजू