एकोणचाळीस की एकेचाळीस

तीर्थरूप दादांस,

धाकट्याचे दंडवत, वहिनींनाही. तुमचा गुडघा, वहिनींची झोप आणि नव्या घराचा जिना या तिघांचं बरं चाललं आहे असं मी धरून चालतो, कारण वाईट बातमी ऐकायची ताकद सध्या माझ्यात नाही. इकडे सगळं क्षेम आहे. (नाही. पण पत्राची सुरुवात आहे म्हणून लिहिलं.) फोनच करणार होतो, पण हल्ली ऐकू न आलेल्या प्रत्येक गोष्टीला तुम्ही ‘हो हो’ म्हणता, आणि मला या वेळी नुसता होकार नको, आकडा हवा आहे.

दादा, तुम्ही तुमच्या पुतणीला दिलेली पिकअप बसली. हॉस्पिटलच्या चादरी धुऊन पोचवायचं तिचं काम त्या गाडीवरच चालतं. परवा वळणावर मागून कडाड्‌ आवाज झाला, तेव्हापासून गाडी चालते कमी आणि कण्हते जास्त. मागच्या ॲक्सलमधलं गिअर गेलं. सोमवारपर्यंत गाडी धड धावली नाही तर चादरींचं काम दुसऱ्याला जाणार. सुट्या भागांच्या दुकानदाराने फोनवर विचारलं, “तीन पॉइंट नऊ की चार पॉइंट एक?” मी म्हटलं, “काय?” तर म्हणाला, “आजोबा, चाक एकदा फिरलं की इंजिनाकडून येणारा मधला शाफ्ट किती वेळा फिरतो, ते सांगा. दोन्ही प्रकार येतात. आणि दिलेला माल परत घेत नाही.” आकडा लिहिलेली पट्टी पाहायला गाडीखाली शिरलो, तर पट्टी गंजून पडलेली आणि तिच्या जागी तुम्ही बांधलेली तार.

लेकीला म्हणालो, “मी काढतो शोधून.” ती घाईत होती. म्हणाली, “बघा बाबा, तुमच्यावर सोपवलं.” नोकरी सुटल्यापासून या घरात माझ्यावर दुधाकडे लक्ष ठेवायचंही कुणी सोपवलेलं नाही, त्यामुळे छाती भरून आली. पण शाळेत दशांश चिन्ह आत आलं आणि मी बाहेर पडलो, हे तुम्हाला ठाऊक आहे. तिला नाही.

समोरचा शिंपी म्हणाला, सोपं आहे. त्याच्याच खडूने चाकावर एक रेघ मारली, शाफ्टवर एक मारली, जॅक लावून एक चाक उचललं आणि फिरवलं. शाफ्ट दोनदा आणि वर थोडासा फिरला. मी आनंदाने कळवलं. दुकानदार हसला. (हे हसणं मी मरेपर्यंत विसरणार नाही.) म्हणाला, “एकच चाक उचललंत ना? मग निम्मंच येणार.” मी म्हटलं, दुप्पट करतो. तर म्हणाला, “त्या ‘थोडासा’ची दुप्पट किती करणार? दोन्ही चाकं उचला, दोन्ही बरोबर फिरवा, दहा फेऱ्या मोजा. एकोणचाळीस नाहीतर एकेचाळीस येतील.”

दोन्ही उचलली. मी उजवं चाक पुढे फिरवलं, तर डावं आपोआप मागे फिरलं आणि मधला शाफ्ट ढिम्म. आमच्या संसाराचं इतकं हुबेहूब यंत्र कुणी बनवलं असेल असं वाटलं नव्हतं. म्हणजे दोन्ही चाकांना माणूस हवा. मग एका बाजूला सौ. बसली, दुसऱ्या बाजूला शिंपी, आणि मी खाली उताणा, डोळ्यांत गंज पडत असताना मोजायला. आता सौ. आणि शिंपी यांच्यात त्याने आखूड केलेल्या ब्लाउजपासून बोलणं नाही. (तो म्हणतो, कापड आटलं. ती म्हणते, त्याची अक्कल.) त्यामुळे “त्यांना सांगा, हळू,” “तिकडे सांगा, जोर लावा,” असे निरोप माझ्या पोटावरून जात होते. पहिल्यांदा दूध उतू गेलं म्हणून सौ. सातव्या फेरीला उठली. दुसऱ्यांदा शाफ्टवरची रेघ माझ्याच बाहीने पुसली. तिसऱ्यांदा दहाही फेऱ्या झाल्या. दर फेरीला आतून कट्ट होऊन काहीतरी सटकत होतं, पण मी श्वास रोखून मोजत राहिलो.

चाळीस आले. दादा, एकोणचाळीस नाही, एकेचाळीस नाही, चाळीस! मी बराच वेळ तिथेच पडून राहिलो. बाहेर येऊन तरी कुणाला तोंड दाखवणार होतो?

हा ॲक्सल भंगारातल्या गाडीतून काढून तुम्हीच बसवला होता. तेव्हा कोणता होता ते आठवून उलट टपाली कळवा. माझ्या जिवाला घोर आहे.

तुमचा,
धाकटा

ता. क. लेक आली. सगळं ऐकून म्हणाली, “बाबा, तुटलेलं गिअर बाहेर काढायचंच आहे ना? मग काढा आणि दातेच मोजा की.” झाकण उघडलं. लहान गिअरला दहा, मोठ्याला एकोणचाळीस! सुटलो.

पुन्हा ता. क. सुटलो नाही. शिंपी म्हणतो, तुटलेले दोन दाते मी धरलेच नाहीत. मी म्हटलं, जे नाहीत ते कसे धरायचे? यावर सौ. (प्रथमच शिंप्याच्या बाजूने) म्हणाली, “तुमच्या तोंडात आता सतराच उरलेत, म्हणून काय मुळातच सतरा होते?” एकेचाळीस सांगून टाकले. माल निघाला आहे.

शेवटचं. लेकीने विचारलं, “नक्की ना बाबा? मोजलं कुणी?” मी म्हणालो, “मी.” तेव्हा दादा, तुम्हाला एकेचाळीस आठवत असेल तर ठळक अक्षरात लिहा, तिला दाखवता येईल. एकोणचाळीस आठवत असेल तर कृपा करून फक्त गुडघ्याचं कळवा.