करवली गुणमालाच

सांगली, २ फेब्रुवारी १९७४

तीर्थस्वरूप दाजींस,

भाऊसोचा पायांवर डोके ठेवून नमस्कार व जय जिनेंद्र. प्रभाक्काची कंबर आणि कडेगावचा ऊस कसा आहे, ते कळवावे. तुमच्या मानेची चौकशी करत नाही. ती ताठ असल्याचे तुमच्या चि. मदनच्या लग्नपत्रिकेवरून कळले.

पत्रिकेत एकतीस नावे आहेत, परवा जन्मलेल्या बाळाचेसुद्धा. नवऱ्याच्या सख्ख्या बहिणीचे, आमच्या गुणमालेचे, तेवढे नाही. करवली म्हणून कऱ्हा घेऊन चुलतबहीण उभी राहणार म्हणे. का, तर गुणमाला मुंबईच्या हॉटेलात जॅझ गाते, म्हणून आठ वर्षे तुम्ही पोटच्या पोरीशी बोलत नाही. टायपिंग शिकायला पाठवली आणि गाणे शिकली, हे खरे. पण मीही पंक्चर काढायचे शिकायला गेलो होतो आणि आज माझे चौदा कर्णे जिल्हाभर बोंबलतात. मला कुणी पत्रिकेतून काढले नाही. (लग्नात फुकट स्पीकर मिळतो, तो मान वेगळा.)

हॉटेलात दारू-मटण चालते म्हणता. चालते. पण आमची पोरगी दिवस मावळायच्या आत आमटी-भात जेवून स्टेजवर जाते; तिच्या नादाने ट्रंपेटवाला फर्नांडिससुद्धा साडेपाचला जेवायला लागला. तुमच्या घरी मात्र मागल्या खेपेला रात्री नऊला कुणाच्या तरी मुठीत चिवडा दिसला. नाव घेत नाही.

आता तिची नवी लाँगप्ले तबकडी निघाली आहे. म्हसवडच्या यात्रेत कर्णे तपासताना मी तीच लावली. (मुद्दाम. खोटे कशाला बोलू?) शब्द इंग्रजी, मला कळत नाहीत, पण कान आहेत. हलगी शेकत बसलेला ज्ञानू उठूनच आला. "आवं भाऊसो, ही बाई ठेका सोडून मागं ऱ्हातीया, आन् समेला नेमकी हजर! लय बेरकी हाय." त्याने हलगी धरली, पैलवान शड्डू ठोकायचे थांबले, आणि पंच मंडळी 'भक्तिगीत लावा' म्हणत धावून आली. मी म्हटले, बाजू संपू द्या. पुढल्या वर्षीची सुपारी गेली. जाऊ दे.

त्या गर्दीत बैल बघायला आलेले एक गृहस्थ होते. बैलाचे दात बघायचे सोडून कर्ण्याखाली उभे, डोळे मिटलेले, पायाने ठेका चालू. ज्ञानूला विचारत होते, "कोण रं ही? आवाज वळकीचा वाटतोय." मी कनातीआड होतो, गप्प राहिलो. दाजी, ते गृहस्थ तुम्ही. आता बोलतो.

मुहूर्ताला नवऱ्यामागे मामा लागतो. सख्खा मामा मी एकटा. गुणमाला कऱ्हा घेऊन उभी असेल तर मी उभा. नसेल तर मी स्पीकरपाशी बसून लाँगप्लेच्या दोन्ही बाजू वाजवीन, ऐन मंगलाष्टकांत. वायर माझी, बटण माझे.

आपला (आजवर) आज्ञाधारक मेहुणा,
भाऊसो

ता. क. : बुधवारी सकाळच्या मुंबई गाडीला मिरज स्टेशनवर तुम्ही स्वतः जावे. मला सवड नाही.

आणखी ता. क. : माझ्यावर ओरडू नका, तार मी केलेली नाही. प्रभाक्काने केली, तुमच्या नावाने : "लग्नाला ये. आप्पा." त्यावर गुणमालेची मला तार आली आहे : "मंगळवारी निघते. आप्पांनी खरंच बोलावलं?" मी उत्तर दिलेले नाही. ते फलाटावर तुम्हीच द्या.