कोरड्या केसांसाठी ड्रायर

प्रिय ठमे,

मी, तुझा बाप, वाणिज्य शाखेचा पदवीधर, औषधांच्या गोदामात तीस वर्षे आवक-जावक तपासणारा, हे पत्र एका चौकशीसाठी लिहीत आहे. चौकशी शेवटी येईल. आधी हकीकत क्रमाने वाच. मधल्या ओळी गाळण्याची तुझी खोड मला ठाऊक आहे.

चार महिन्यांपूर्वी लक्षात आले, की तुझी आई रोज सकाळी सातला खोलीची कडी लावून दहा मिनिटे केस वाळवण्याचा ड्रायर चालवते. अंघोळ मात्र ती नवाला करते. तो आवाज फोनवरचे बोलणे झाकण्यासाठी असावा, अशी शंका आली. मी दाराला कान लावला. लिहिताना लाज वाटते, पण लावला. आत कोणी बोलत नव्हते. मग पाहिले, सकाळी ती वर्तमानपत्राला हात लावत नाही. दुपारी मात्र सुईत दोरा पहिल्या फटक्यात ओवते. एके सकाळी मी मुद्दाम एका पायात काळा, दुसऱ्यात तपकिरी मोजा घालून समोर उभा राहिलो. जन्मभर माझ्या कॉलरवरचा डाग दारातून हेरणारी ही बाई म्हणाली, “छान दिसताय, निघा आता.” सकाळी तिला नीट दिसत नाही, अशी माझी खात्रीच झाली.

कपाटात डोळ्यांत घालायच्या खारट थेंबांची बाटली सापडली. ती पुढे केल्यावर तुझी आई मला तिच्या डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेली. त्या म्हणाल्या, कॉर्निया ही डोळ्याची पुढची काच. तिच्यात शंभरात सुमारे अठ्ठ्याहत्तर भाग पाणीच असते. तेवढेच राहिले तर आतले तंतू नेमक्या अंतरावर राहतात आणि उजेड सरळ पार जातो. पाणी वाढले की काच फुगते, तंतूंची रांग विस्कटते, उजेड विखुरतो आणि धुके दिसते. जादा पाणी उपसणाऱ्या पेशी तुझ्या आईच्या डोळ्यांत कमी झाल्या आहेत. रात्रभर पापण्या मिटलेल्या, पाणी उडून जायला वाट नाही. म्हणून सकाळ धुक्याची. ड्रायर हातभर लांब धरून हवा घेतली की ते लवकर निवळते.

परतताना विचारले, मला का नाही सांगितलेस? म्हणाली, “तुम्ही रोज सकाळी माझी परीक्षा घेतली असती.” मला मोजे आठवले.

आता चौकशी. हा विकार आईकडून मुलांत येऊ शकतो, क्वचित तरुणपणीही, असे डॉक्टरबाई म्हणाल्या. ड्रायर तू पाठवला होतास. त्याचे खोके काल माळ्यावर सापडले. आतल्या खरेदीच्या चिठ्ठीवर ‘नग दोन’ असे छापले आहे. आमच्याकडे एकच आहे. तुझे केस तर सहा वर्षे कानाच्या वर कापलेले आहेत. वर्षभरापूर्वी तू सकाळची पाळी सोडून दुपारची मागून घेतलीस, आणि माझ्या सकाळच्या संदेशांना उत्तर बारानंतरच येते. दुसरा ड्रायर कुठे आहे? परीक्षा घेणार नाही, शब्द देतो. अक्षर मुद्दाम मोठे काढले आहे. तरीही धूसर दिसत असेल, तर दुपारी वाच. पण उत्तर दे.

आत ड्रायर चालू आहे. कडी आता ती लावत नाही.

तुझाच,
बाबा

घर, जेवणाचे टेबल
सोमवार, ता. ९, सकाळी सात वाजून चार मिनिटे