अठरा टक्के आकाश

तीर्थस्वरूप दाजींस,

गुडघ्यांना झेपेल तितका वाकून नमस्कार. तुमची कंबर, ताईचा रक्तदाब आणि या दोहोंत जास्त गंभीर कोण यावरचा तुमचा वाद, तिन्ही पूर्ववत असतील असं धरून चालतो. हे पत्र घेऊन येणाऱ्या गृहस्थांना पाणी द्यावं आणि पत्र मात्र मागच्या खोलीत, आरामखुर्चीत बसून, चष्मा पुसून, सावकाश वाचावं. मजकूर गहन आहे.

तुमची लेक सुखरूप आहे. संशोधनासाठी ती माझ्याकडे राहायला आल्यापासून घरात ग्रंथांपेक्षा दगड जास्त झाले, ही तक्रार नव्हे (तक्रार मागच्या पत्रात केली होती). तिचा विषय तुम्ही चारचौघांत 'खडकांचं काहीतरी' असा सांगता, म्हणून खुलासा करतो. दगड आपल्याला भरीव वाटतो. पण त्याच्या कणाकणांमध्ये डोळ्यांना न दिसणारी पोकळी असते आणि जमिनीखालचं पाणी तिथेच मुक्कामाला असतं. ती मोजायची रीत अशी : दगड भट्टीत वाळवायचा, तोलायचा, मग पोटभर पाणी पाजून पुन्हा तोलायचा. वजन वाढलं तितकी जागा रिकामी होती. (हा प्रयोग तुमच्यावर, जेवणाआधी आणि जेवणानंतर, करून पाहावा असं मी सुचवलं. लेकीने नकार दिला, पण हसली.) आमच्या न्यायदर्शनात आकाश, म्हणजे हीच पोकळी, एक, अखंड आणि सर्वव्यापी, तिच्या शास्त्रात ते साधारण अठरा टक्के. मी तीस वर्षं मुलांना घड्यातलं आकाश शिकवलं, पण घडा कधी तराजूवर ठेवला नाही, हे मान्य करायला हवं.

तर घडलं असं. मागच्या आठवड्यात ती चार दिवस बाहेरगावी गेली. तिचे बारा दगड वाळवून, तोलून, क्रमांक घालून माझ्या शब्दकोशांच्या फळीवर मांडलेले. पाणी पाजणं तेवढं बाकी. बोट लागलं की त्यांची रेती सांडे, आणि कोणताही शब्द काढावा तर अर्थाआधी वाळू हाती येई. त्याच दिवशी मी खुर्चीला वॉर्निश लावत होतो, निम्मा डबा उरला होता आणि गुरुवारी तिचे मार्गदर्शक दगड पाहायला येणार होते. दगड जरा बरे दिसावेत, इतकाच शुद्ध हेतू. पहिला हात दिला, दगड तो प्यायला. दुसरा दिला, तोही प्यायला. (या क्षणी एखाद्या चाणाक्ष माणसाला शंका आली असती. मी नवा डबा आणला.)

लेक परतली ती फळीपाशीच थबकली. "मामा, हे चकाकताहेत का?"

"तीन हात दिलेत," मी अभिमानाने सांगितलं.

तिने एक दगड बादलीत टाकला. तासाभराने काढला, तर बदकासारखा कोरडा! टर्पेंटाइनने घासून पाहिलं. वरची चकाकी गेली, आतली नाही. वर्षभराच्या कामाचं उत्तर आलं शून्य टक्के. ती रडली नाही, हेच वाईट. "मामा, तुम्ही आकाश बुजवलंत," एवढंच म्हणाली आणि चहा ठेवायला गेली. माझ्यासाठीसुद्धा ठेवला, दाजी.

मार्गदर्शकांनी पंधरा दिवसांची मुदत दिली आहे : त्याच खाणीचा दगड आणा, नाहीतर वर्ष गेलं. पण ती खाण आता बंद आहे आणि तिच्यात तीन पुरुष खोल पाणी साचलं आहे.

इकडचं वर्तमान हे एवढंच. लोभ आहे तो झिरपून जाऊ नये.

आपला मेहुणा

ता. क. : घर बांधताना तुम्ही त्याच खाणीतून स्वतः निवडून आणलेली दारापुढची पायरी, जिच्यावर बसून तुम्ही रोज वर्तमानपत्र वाचता आणि जिची हकिकत दर पाहुण्याला ऐकवता, तिचं एखादं टोक मिळेल का? तिला वॉर्निश लावलेलं नाही ना?

दुसरा ता. क. : टोकाने भागणार नाही असं लेक म्हणते; बारा तुकडे हवेत. ताईला फोन केला होता. तिने होकार दिला. तुमचा वेगळा घ्यावा लागेल असं तिला वाटलं नाही.

तिसरा ता. क. : पत्र घेऊन आलेले गृहस्थ गवंडी आहेत. मघापासून येणारी ठकठक शेजाऱ्यांकडची नाही. पायरी उचकटायला त्यांना थोडा वेळ लागतो, म्हणून पत्र जरा लांबवलं. आता तरातरा बाहेर निघाला असाल, तर दारातून पाऊल जपून टाका. तिथे सध्या शंभर टक्के आकाश आहे.