काडी पडली की दाबायचं

सोमवार, ४ मार्च

आजपासून सेटवर ओरडायचं नाही! दिग्दर्शकाचा हुकूम. सिनेमा युद्धाचा, पण याच्या डोक्यात सगळे इंग्रजी काउबॉय सिनेमातले घोडेवाले आणि टोपीवाले. सैनिकांना घोट्यापर्यंत लांब कोट, तोंडात काडी, मागे कुणीतरी शीळ घालणार. दोन शत्रू खंदकाच्या दोन टोकांना उभे राहून नुसते एकमेकांच्या डोळ्यांत बघतात — तेवढ्यात खरं युद्ध संपून तह झाला असता. फाइट मास्तरला तसं म्हणालो तर तो हसत काहीतरी बोलला. काय ते कळलं नाही, म्हणून मीही हसलो.

आमची पद्धत साधी. पळणाऱ्या माणसाने खुणेचा दगड ओलांडला की तो ‘पार’ ओरडतो, मग मी बटण दाबतो, मागे सुरुंग उडतो. आता म्हणे शांतता हवी, फक्त वाऱ्याचा आवाज. नायकाने ओठांतली काडी खाली टाकली की दाबायचं. आंधळा मागतो एक डोळा! माझा डावा कान कधीच गेलाय, उजवा जायच्या वाटेवर आहे. डोळे मात्र शाबूत. कुणाला सांगितलेलं नाही. बहिऱ्याच्या हातात बटण कोण देईल?

मंगळवार, ५ मार्च

बायको म्हणाली, टीव्ही शेजाऱ्यांसाठी लावता का. आवाज कमी केला. मग नुसती चित्रं बघत बसलो.

बुधवार, ६ मार्च

खंदकातून पळणारा आमचा जावईच. आज तालमीला त्याने दिग्दर्शकाला विचारलं, मी दगडापर्यंत पोचलो नाही आणि काडी पडली तर? दिग्दर्शक त्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला की मग ओरड, सासरे बसलेत ना कान टवकारून. हे मला जावयानेच चहा पिताना समोर बसून सांगितलं. त्याचं समाधान झालेलं.

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण या कामावाचून मी कोण? घरात सारखं ‘काय? काय?’ विचारणारा म्हातारा.

लेकीने संध्याकाळी विचारलं, "बाबा, बटणावर तुम्हीच ना? मग मला काळजी नाही."

मान हलवली.

गुरुवार, ७ मार्च

तालमीत त्या लांब कोटाने जावई दोनदा अडखळला. कोट आखूड करा म्हणालो. दिग्दर्शक म्हणाला, कोटाशिवाय चित्रात मजा काय! मजा!!

जेवण गेलं नाही.

शुक्रवार, ८ मार्च

झालं. सगळे सुखरूप आहेत, आधी तेच लिहितो.

मोठे पंखे लावले, धूळ उडाली. कॅमेरा नायकाच्या डोळ्यांत शिरून बसलेला. खंदक मला दिसेना, काडी तेवढी दिसत होती. ती पडली. त्याच वेळी जावयाचा कोट काटेरी तारेत अडकला — दगडाच्या अलीकडे, सुरुंगाच्या अगदी शेजारी. तो जिवाच्या आकांताने ओरडला, बाबा थांबा. सुरुंग उडाला नाही.

मग धावपळ. फाइट मास्तरने मला मिठी मारली. दिग्दर्शकाने सगळ्यांसमोर हात जोडले. जावई धुळीने माखलेला, माझे पाय धरून म्हणाला, "तुम्ही ऐकलंत म्हणून वाचलो."

इतक्या वर्षांचा सराव! धोका असला की हात आपोआप थांबतो. कान गेले तरी माणूस कामातून गेला असं नाही. लेकीचा फोन आला, ती नुसती रडत होती. बायकोने आज टीव्हीचा आवाज स्वतःच वाढवला.

शनिवार, ९ मार्च

काल खोटं लिहिलं. मला काहीही ऐकू आलं नव्हतं. मी बटण दाबलं होतं. बटणाच्या डब्यातली वायर निसटली होती, म्हणून उडालं नाही.

आज तोच शॉट पुन्हा आहे. जावई बाहेर बुटाच्या नाड्या बांधतोय. आधी त्याला सांगतो, मग दिग्दर्शकाला.